बिनतारखेची यादी

“दोन मिनिटं!” नेव्हिल पास्को म्हणाला. “हवं तर घड्याळ लाव. दोन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला, किंवा एक नाव जरी इकडचं तिकडं झालं, तर यंदाच्या ख्रिसमसला ग्लेंडाच्या घरची सगळी भांडी मी घासेन. सगळी! तिचा तो टर्की भाजायचा अवाढव्य ट्रेसुद्धा!”

समोर बसलेल्या बाओनं घड्याळ लावलं नाही. सहा वर्षं तो नेव्हिलच्या समोर बसत होता. नेव्हिलच्या कुठल्या वाक्यावर काय करायचं नाही, हे त्याला पाठ झालं होतं.

ग्लेंडा म्हणजे नेव्हिलच्या बायकोची, मॉरीनची, थोरली बहीण. मेलबर्नमध्ये मेहुणी काय, नणंद काय, जाऊ काय, सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळतात. आपल्याकडे मात्र ह्या नात्याला आकडसासू असा नेमका शब्द आहे, आणि ग्लेंडा त्या शब्दाला पुरून उरेल अशी बाई होती. मेलबर्नबाहेरच्या गिप्सलँड भागातल्या एका दूध संघात थंड टाक्यांची ती प्रमुख. सत्त्याऐंशीच्या ख्रिसमसला नेव्हिलनं तिचा व्हिडिओ रेकॉर्डर असाच ‘दोन मिनिटांत’ लावून दिला होता. पुढचे आठ महिने त्या रेकॉर्डरनं तिच्या लाडक्या मालिकेऐवजी दुसऱ्याच चॅनेलवरचे मेंढ्यांचे बाजारभाव नेमानं टिपून ठेवले. त्याला आता नऊ वर्षं झाली, पण ही कथा दर ख्रिसमसला टर्कीबरोबर पानात पडायचीच. नेव्हिलचं म्हणणं, दोष रेकॉर्डरचा होता.

आणि आता ग्लेंडाच्या दूध संघानंच टाक्यांच्या तापमानावर दुरून नजर ठेवायचं काम नेव्हिलच्या कंपनीला दिलं होतं! नेव्हिलच्या दृष्टीनं हा नियतीनं केलेला न्याय होता. नऊ वर्षांचा हिशेब एका शुक्रवारी चुकता होणार होता.

कंपनीचं काम मोजण्याचं. मशीन किती दमलंय, रांगेत किती कामं तुंबलीत, टाकीतलं दूध किती गार आहे, जे मोजता येईल ते मोजायचं आणि प्रत्येक मोजणीला एक नाव द्यायचं. ही नावं याद्यांत लिहिलेली असत. दोन-चार याद्यांची एक यादी करायची वेळ आली, की नेव्हिलनं लिहिलेला जोडणीचा प्रोग्राम चालवायचा. त्याला ना चित्रं, ना खिडक्या, ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: ही यादी घे, ती यादी घे, आणि दोन्ही मिळून ही नवी बनव. कळ दाबली की काम फत्ते.

नियमही नेव्हिलचेच. जुन्या तारखेची यादी आधी, नव्या तारखेची नंतर. एकच नाव दोन याद्यांत निघालं, तर आधी आलेलं राहणार आणि मागून आलेलं गपचूप गळणार. “रांगेचा नियम आहे,” तो म्हणायचा. “तळलेले मासे घ्यायला उभे राहतो तेव्हा पाळतोच ना आपण?” आणि एखाद्या यादीवर तारीखच नसेल तर? ती सगळ्यांच्या आधी! ज्याच्या जन्माची नोंदच नाही तो सगळ्यांत म्हातारा, असा त्यामागचा थोर विचार होता.

“नेव्हिल, बडबड चालू करून चालवू या का?” बाओनं हळूच विचारलं. प्रोग्रामला तशी सोय होती. बडबड चालू केली की कुठलं नाव ठेवलं, कुठलं गाळलं, हे तो एकेक करून सांगायचा.

“का? माझ्या प्रोग्रामवर विश्वास नाही?”

“आहे ना. म्हणूनच म्हटलं, एकदा बघू.”

“सुतार खिळा ठोकल्यावर गल्लीभर ओरडत फिरतो का, की ठोकला हो ठोकला? काम झालं की गप्प बसायचं, हे मी यंत्राला शिकवलंय. माणसांना कोण शिकवणार?”

नेव्हिलनं ओळ टाइप केली. एकेका यादीचं नाव लिहायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं एक चांदणीची खूण ठोकून दिली. चांदणी म्हणजे संगणकाच्या त्या खणात असतील तेवढ्या सगळ्या याद्या घे! प्रोग्रामनं नम्रपणे कळवलं, की ह्या नावाची जोडलेली यादी आधीच आहे, तिच्यावर लिहिणार नाही.

“बघ, बघ! माझाच प्रोग्राम मला नाही म्हणतो!” नेव्हिल संतापला, आणि त्यानं जबरदस्तीची खूण जोडून तीच ओळ पुन्हा मारली. जुनी यादी पुसली गेली, नवी तयार झाली. प्रोग्राम एक अक्षर बोलला नाही.

“एक मिनिट चाळीस सेकंद,” नेव्हिल उठत म्हणाला. “चल. चार वाजत आले.”

शुक्रवारी चार वाजले की त्या ऑफिसात कोणी काम करत नसे. चहाच्या खोलीतला फ्रीज उघडायचा, बिअरच्या छोट्या बाटल्या काढायच्या आणि आठवडाभर ज्यांच्यावर चिडलो त्यांच्याच खांद्यावर हात टाकून उभं राहायचं, ही तिथली रीत. त्यात तो नोव्हेंबरचा दिवस. उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला आणि बाहेर छत्तीस अंश. आत पाऊल टाकेपर्यंत बिअर गार झाली आहे की नाही, हे कळणार कसं? वीस पावलं चालून बघायचं? छे! इंजिनिअर लोक आहेत ते! नेव्हिलनं दोन वर्षांपूर्वी फ्रीजमध्ये वायरवाला थर्मामीटर सोडला होता. आपापल्या टेबलावर बसून पडद्यावर बघायचं, चार अंश दिसले की उठायचं.

त्या दिवशी मात्र फ्रीजमध्ये बिअरखेरीज आणखी एक पाहुणा होता. कंपनीची प्रमुख दिमित्रा कालोयेरास हिच्या आईनं लेकीच्या वाढदिवसासाठी दुधाच्या कस्टर्डची ग्रीक मिठाई पाठवली होती. पाठवली होती म्हणजे गावजेवणाला पुरेल एवढी. तो ट्रे फ्रीजच्या दाराबाहेर दोन बोटं येत होता.

नेव्हिल दार उघडून ट्रेमागची बाटली चाचपत होता, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

“नेव्ह, तुझं यंत्र बोंबलतंय,” ग्लेंडा म्हणाली. “टाकी नऊ अंशांवर गेली म्हणतंय.”

“मग गेली असेल!”

“मी हातानं मोजलं. चार आहे.”

“कशानं मोजलंस?”

“थर्मामीटरनं.”

“काचेच्या?” नेव्हिलच्या आवाजात कीव दाटून आली. “ग्लेंडा, जग कुठल्या कुठं गेलं. मी इथे अकराशे मोजण्या एका ओळीत जोडतो, आणि तू मला काचेची कांडी दाखवतेस? दार उघडं राहिलं असेल टाकीचं. थंडावा वाया जातो त्यानं. साधी गोष्ट असते, पण लोकांच्या लक्षात येत नाही.” हे सांगताना त्याची पाठ फ्रीजच्या उघड्या दाराला टेकलेली होती.

“टाकीला दार नसतं रे. टाकी आहे ती, कपाट नव्हे. आणि नियम माहीत आहे ना? तुझ्या कागदावर अर्धा तास सातच्या वर आकडा राहिला, की माझ्या काचेला कोणी विचारत नाही. अठ्ठावीस हजार लिटर दूध आहे, नेव्ह. सगळं डुकरांना जाईल!”

“काही जात नाही. मी आहे ना!”

त्यानं फोन ठेवला, ट्रे आत रेटून ढोपरानं दार ढकललं, टेबलाशी जाऊन धोक्याची सूचना देणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत राहिला. नऊ. आठ. सात. सहा! त्यानं विजयी मुद्रेनं फोन फिरवला.

“काय म्हणतोय आकडा?”

“उतरला बाई,” ग्लेंडा म्हणाली. तिच्या आवाजात चक्क आदर होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा! नेव्हिलचा ऊर भरून आला. हे साजरं करायलाच हवं होतं. त्यानं सगळ्या मजल्याला हाक दिली, फ्रीज उघडला, बाटल्या वाटल्या, प्रत्येकाला दूध संघाची दुरुस्ती दुरून कशी केली ते पहिल्यापासून सांगितलं. दार लावलं तेव्हा ते ट्रेला अडलं आणि तसंच दोन बोटं उघडं राहिलं. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पंधरा मिनिटांत पुन्हा फोन.

“अकरा!” ग्लेंडा ओरडली. “नेव्ह, हे काय चाललंय?”

“तुमचं थंड करायचं मशीन नादुरुस्त आहे! माझ्या गळ्यात घालू नकोस!” नेव्हिल भडकला. “तुमच्याकडचं छपाईचं यंत्र आहे ना, त्याच्यावर सविस्तर तपशील मागव. डावीकडची तिसरी कळ. सगळ्यात खाली मोजणीचं वर्णन येतं. वाच मला, म्हणजे तुमचं कुठलं मशीन बिघडलंय ते मीच तुला सांगतो.”

छपाईची करकर ऐकू आली. मग कुजबुज, आणि कोणाला तरी ठसका लागल्यासारखा आवाज.

“काय लिहिलंय?”

“काही नाही रे. नुसते आकडे,” ग्लेंडा म्हणाली. “पण वाढतायत हं. बारा. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं गेली, नेव्ह. मी टाकी रिकामी करायच्या नळावर हात ठेवून उभी आहे.”

नेव्हिलनं फोन ठेवला. बाओ फ्रीजकडे बघत होता.

“एक बोलू?” बाओ म्हणाला. “तुम्ही बाटली काढली की त्यांचं दूध तापतं.”

“हे बघ, अंधश्रद्धा घरी!”

“दार लावा जरा.”

“लावतो! आणि मग माफी माग!” नेव्हिलनं ट्रे बाहेर ओढला, दार धाडकन लावलं. बाओ आपल्या पडद्याकडे गेला.

“अकरा,” तो तिकडून म्हणाला. “दहा. आता उघडा.”

नेव्हिलनं उघडलं.

“अकरा. बारा. पुन्हा लावा... दहा.”

नेव्हिल दाराची मूठ धरून उभा राहिला. त्याला सगळं एकदम दिसलं. दूध संघानं आपल्या टाकीच्या मोजणीला नाव दिलं होतं ‘कोल्ड टेंप’. त्यानं दोन वर्षांपूर्वी फ्रीजच्या मोजणीला दिलेलं नावही तेच. फ्रीजची एका ओळीची यादी त्याच खणात पडलेली, चांदणीनं तीही उचलली. तिच्यावर तारीख नव्हती. म्हणजे ती सगळ्यांत म्हातारी, म्हणजे ती रांगेत पहिली! दूध संघाची टाकी मागून आली, आणि नेव्हिलनंच शिकवल्याप्रमाणे प्रोग्रामनं तिला गाळलं आणि तो गप्प बसला.

“जुनी यादी परत घाल!” तो ओरडला.

“ती तुम्ही जबरदस्तीनं पुसलीत,” बाओ शांतपणे म्हणाला. “राखीव प्रतींच्या टेपवरून काढावी लागेल. पंधरा मिनिटं तरी लागतील. ग्लेंडाला फोन करून खरं सांगून टाका ना.”

“वेड लागलंय का तुला? मेंढ्यांचे बाजारभाव नऊ वर्षं ऐकतोय मी! हे कळलं तर बिअरचा फ्रीज माझ्या थडग्यावर कोरतील! तू टेप लाव. आकडा मी सांभाळतो.”

आकडा सांभाळणं म्हणजे काय, हे बाओनं जाताजाता एकदाच वळून पाहिलं. नेव्हिलनं कस्टर्डचा ट्रे उचलून उन्हाच्या खिडकीत ठेवला, फ्रीजसमोर फतकल मारली, थर्मामीटरची कांडी हातात घेतली आणि ती बर्फाच्या पिशवीत खुपसली. खांदा आणि कान यांच्यामध्ये त्यानं फोन धरला.

“ग्लेंडा, मी इथून मुळावरच घाव घालतोय. आकडा सांगत राहा.”

“आठ,” ग्लेंडा म्हणाली. “सहा. चार! वा, नेव्ह! तीन. एक. अरे अरे, उणे एक! दूध गोठलं म्हणतंय यंत्र! गोठलेलं दूधही बाद असतं!”

नेव्हिलनं कांडी पिशवीतून उपसून मुठीत धरली.

“दोन. पाच. आठ! फार होतंय!”

पुन्हा बर्फ. मग थोडा बर्फ, थोडी मूठ. मग कांडीचं टोक बर्फावर आणि मागचा भाग तळव्यात. तेवीस वर्षं संगणकाची नोकरी केलेला, दोन हजार सालापर्यंतच्या योजना आखणारा माणूस, पण आता त्याला जगात एवढंच कळत होतं, की तर्जनी किंचित उचलली की अर्धा अंश उतरतो. त्याच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता.

“साडेचार,” ग्लेंडा म्हणाली. “जरासं खाली येऊ दे... म्हणजे, यायला हवं. हां. चार. धर तिथंच!”

एवढ्यात दिमित्रा आत आली.

“नेव्ह, आईचा ट्रे कुठे...” ती थांबली. खिडकीत कस्टर्डचा ओघळ गालिच्यावर उतरत होता. फ्रीजमध्ये डोकं खुपसून नेव्हिल बसला होता. “हे काय चाललंय?”

बाओनं दारातूनच सगळं तीन वाक्यांत सांगितलं. बडबडीचा त्याला मुळातच कंटाळा.

“फोन दे,” दिमित्रा म्हणाली.

“फक्त चार मिनिटं!” नेव्हिलनं फोनवर हात ठेवला. “बाओची टेप फिरतेय. चार मिनिटं दे मला, दिमित्रा. तुला माहीत नाही. दर ख्रिसमसला सगळं टेबल माझ्याकडे बघून हसतं. मॉरीनसुद्धा हसते.”

“आणि चार मिनिटांत तुझं बोट घसरलं तर? तिनं नळ सोडला तर? शंभर घरांनी पहाटे उठून काढलेलं दूध आहे ते, नेव्ह. तुझं नाक एवढं मोठं आहे?”

नेव्हिलनं कांडीकडे पाहिलं. त्याचं बोट बर्फावरून खरंच घसरत होतं. त्याला लाज वाटली. त्यानं फोन तोंडाजवळ घेतला.

“ग्लेंडा. नळ सोडू नकोस. दूध चांगलं आहे. तो आकडा तुझ्या टाकीचा नाहीच. आमच्या बिअरच्या फ्रीजचा आहे. चूक माझी आहे. काचेचं खरं आहे तुझ्या.”

पलीकडून एकदम हसण्याचा असा लोट आला, की नेव्हिलला फोन कानापासून दूर धरावा लागला. एकटी ग्लेंडा नव्हे, निदान आठ-नऊ बायका होत्या.

“माहीत आहे रे!” हसण्यानं ग्लेंडाला धड बोलता येत नव्हतं. “तूच नाही का खालचं वर्णन वाच म्हणालास? ऐक, वाचते. ‘दुसरा मजला, बिअरचा फ्रीज. कोणीही हात लावू नये. हुकमावरून, नेव्हिल पास्को.’”

“तुला... तुला तेव्हापासून माहीत होतं?”

“कागदावर ‘भलत्याच वस्तूचं तापमान’ असा शेरा मारून सही करून मोकळी झाले मी. मग चहा मांडला. ह्या पाळीतल्या सगळ्याजणी फोनभोवती बसल्यात.”

“मग गोठलं, गोठलं म्हणून का ओरडत होतीस?” नेव्हिल गरजला. “बोटं गेली माझी!”

“तुला कितपत जमतं ते बघत होतो. शेवटी बरोबर चारवर धरलंस हं, नेव्ह. रेकॉर्डरपेक्षा पुष्कळ प्रगती आहे.”

नेव्हिलनं फोन आपटला. बाओच्या टेबलावर टेप थांबली होती आणि पडद्यावर दूध संघाची खरी टाकी चार अंशांवर निवांत उभी होती. पण नेव्हिलच्या डोक्यातला पारा उतरायला तयार नव्हता. कोणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

“ही फ्रीजची यादी तारीख न घालता खणात टाकणारा गाढव कोण?” तो मजलाभर ऐकू जाईल असा ओरडला. “साधी तारीख! एक ओळ! एवढं होत नाही लोकांच्या हातून?”

बाओनं यादी उघडली आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. तारखेच्या जागी काही नव्हतं. लेखकाच्या जागी नेव्हिलचं नाव होतं.

सोमवारी बाओनं प्रोग्राम चालवला, तर तो न सांगताच बडबडू लागला: हे ठेवलं, ते गाळलं, ह्या यादीला तारीख नाही, खात्री आहे ना? बाओनं नेव्हिलकडे पाहिलं. नेव्हिल खिडकीबाहेर बघत होता.

आणि ख्रिसमसला? भांड्यांची पैज ऑफिसात लागली होती आणि साक्षीदार एकटा बाओ होता. बाओ कधी कुणाला काही सांगत नाही. पण दिमित्राला आईच्या ट्रेचा सूड घ्यायचा होता आणि तिच्याकडे ग्लेंडाचा नंबर होता. जेवणं आटोपली तेव्हा बाहेर अडतीस अंश होते आणि नेव्हिल कोपरापर्यंत साबणात बुडून टर्कीचा ट्रे घासत होता. सगळं टेबल दारात गोळा झालं होतं, मॉरीन सगळ्यांत पुढे.

“नेव्ह,” ग्लेंडा म्हणाली, “पाणी किती अंश आहे रे?”

त्यानं बोट बुडवलं, क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं. “एक्केचाळीस.”

ग्लेंडानं ओट्यावरची काचेची कांडी पाण्यात धरली. एक्केचाळीसच निघालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

नेव्हिलचं म्हणणं अजूनही तेच आहे. दोष फ्रीजचा होता.